सौजन्यशील सह्याद्री

ॲक्शन-ॲडव्हेंचर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमची नेमकी व्याख्या करणे अभ्यासकांना आजवर साधलेले नाही, कारण या प्रकारात काय बसत नाही हे सांगणेच अवघड आहे. पडद्यावरचे एखादे पात्र खेळाडूच्या हातातल्या कंट्रोलरच्या हुकमाने धावत, चढत, लढत आणि मधूनमधून कोडी सोडवत ठरलेल्या कथेच्या शेवटाकडे जात असेल, तर त्या खेळाला ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हणावे, एवढे सांगून बहुतेक लेखक घाईने पुढच्या प्रकरणाकडे वळतात. या घराण्याची वंशावळ मात्र बरीच स्वच्छ आहे. विल्यम क्राउदर याने १९७६ च्या सुमारास रचलेला गुहेचा खेळ केवळ अक्षरांवर चालत असे, म्हणजे खेळाडूने उत्तरेकडे जाण्याची आज्ञा टंकित करावी आणि यंत्राने पुढच्या दालनाचे वर्णन करावे. १९८० मध्ये अटारी कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळाने या कल्पनेला चित्ररूप दिले, तेव्हा नायक हा एक चौकोन होता आणि त्याला गिळू पाहणारे ड्रॅगन पाहणाऱ्याला बदकांसारखे दिसत. १९८६ चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आणि १९९६ चा ‘टूम रेडर’ या दोन पायऱ्या चढून हे घराणे पुढे इतके संपन्न झाले, की चौकोनाच्या जागी आलेल्या नायिकेच्या कपाळावरची घामाने चिकटलेली बटसुद्धा स्वतंत्रपणे हलू लागली.

अशा खेळाचे गुणदोष ठरवण्याची समीक्षकांची एक रूढ पद्धत आहे. चित्रण, ध्वनी, कथा, नियंत्रण आणि खेळ संपायला लागणारे तास अशी पाच खाती उघडायची, प्रत्येक खात्यात काही जमा आणि काही खर्च दाखवायचा, आणि शेवटी दहापैकी आठ गुण द्यायचे. ही पद्धत प्रामाणिक असली तरी तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते, ती म्हणजे जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंना अनेकदा एकच रक्कम लिहिलेली असते. या प्रकारच्या खेळाचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष एकाच मुळातून फुटतात, आणि ते मूळ म्हणजे खेळाने खेळाडूशी राखलेले पराकोटीचे सौजन्य. पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानाप्रमाणे हा खेळ पाहुण्याला क्षणभरही रिकामा बसू देत नाही, आणि पाहुण्याला तृप्तीची ढेकर व अपचन ही दोन्ही एकाच हातून मिळतात.

या विधानाची परीक्षा घेण्यासाठी ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा खेळ विशेष सोयीचा आहे, कारण त्याचे कथानक भारतात, आणि त्यातही मुख्यतः पश्चिम घाटात घडते. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील नॉटी डॉग या कंपनीने तो ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. कर्ट मार्गेनाऊ आणि शॉन एस्केग हे त्याचे दिग्दर्शक. आदल्या वर्षी आलेल्या ‘अनचार्टेड ४’ या खेळाची छोटी पुरवणी म्हणून योजलेले हे काम वाढत वाढत सात-आठ तासांचा स्वतंत्र खेळ होऊन बसले, आणि मराठी प्रबंधलेखनाशी परिचय असणाऱ्या कोणालाही परिशिष्टाच्या अशा वाढीचे नवल वाटू नये. क्लोई फ्रेझर ही अर्धी भारतीय, अर्धी ऑस्ट्रेलियन खजिनाशोधक आणि नदीन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची भाडोत्री सैनिकांची माजी सेनापती, अशा दोघी मिळून गणपतीचा तुटलेला दात शोधण्यास निघतात, आणि देशात यादवी पेटवू पाहणारा आसव नावाचा बंडखोर त्याच दाताच्या मागावर असतो. क्लोईचे वडील याच शोधात प्राणास मुकलेले असल्यामुळे कथेला कौटुंबिक जिव्हाळ्याची जोडही मिळाली आहे.

सौजन्याचा पहिला अनुभव चढाईत येतो. या खेळातला कोणताही कातळकडा पाहिला तरी त्यावर हाताच्या पंजाएवढ्या रुंदीच्या, इतर दगडापेक्षा किंचित उजळ रंगाच्या खोबण्या एका ओळीत कोरलेल्या दिसतात, आणि दोन खोबण्यांमधले अंतर नेमके तेवढेच असते जेवढी उडी क्लोईला मारता येते. निसर्गाने लक्षावधी वर्षे वारा आणि पाणी वापरून कडे घडवताना एका विशिष्ट स्त्रीच्या हाताची लांबी ध्यानात ठेवली होती, असा निष्कर्ष भूगर्भशास्त्राला येथे काढावाच लागतो. कधीकधी एखादी खोबणी तिच्या हातात निखळते, ती दचकते, खेळाडूही दचकतो, आणि तेवढ्यात तिचा दुसरा हात खालच्या खोबणीवर पडलेला असतो; या अपघाताची तालीम इतकी चोख असते की दहाव्या वेळी दचकण्याची जबाबदारी क्लोई एकटीच पार पाडते. वाट दाखवणाऱ्या अशा खुणांवरून पुढे मोठे वाद झाले, विशेषतः २०२३ मध्ये नव्याने आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ मधील पिवळा रंग फासलेल्या शिड्या आणि खोक्यांवरून. त्या वादाच्या मानाने ‘लॉस्ट लेगसी’चा रंग संयत आहे. तो पिवळा नसून उन्हाने फिकटल्यासारखा आहे, आणि आपली सोय कोणीतरी करून ठेवली आहे ही जाणीव पाहुण्याला जरा उशिरा होते. चांगल्या यजमानाची हीच खूण असल्याने हा गुण मानला पाहिजे.

चढाई संपली की बहुधा एखादे पटांगण लागते, आणि त्या पटांगणात कंबरेएवढ्या उंचीच्या भिंती असतात. या भिंतींचे प्रयोजन कोणत्याही वास्तुशास्त्रात सापडत नाही; त्या छप्पर पेलत नाहीत, जनावरे अडवत नाहीत आणि कोणत्याही दोन खोल्या वेगळ्या करत नाहीत. खेळांच्या परिभाषेत त्यांना कव्हर म्हणतात, म्हणजे गोळीबाराच्या वेळी आड दडण्याची जागा, आणि अनुभवी खेळाडू अशी भिंत दिसताच शत्रू दिसण्याच्या आधी बंदुकीतल्या गोळ्या मोजतो. गवताचेही तसेच आहे. छातीएवढे गवत दिसले की त्यात लपून शत्रूच्या मागे जाण्याची सोय आहे असे समजावे, आणि दोन पावलांवर लालबुंद कुर्ता घालून बसलेली स्त्री शत्रूला दिसत नाही याबद्दल शत्रूची दृष्टी तपासण्याच्या फंदात पडू नये. शत्रूला संशय आला की त्याच्या डोक्यावर खूण उमटते आणि संशय वाढेल तसा तिचा रंग बदलतो. प्रत्यक्ष जीवनात अशी व्यवस्था असती तर कचेऱ्यांतील आणि सासरघरच्या कितीतरी दुर्घटना टळल्या असत्या.

या लढायांतील सर्वांत मौलिक तत्त्व मात्र बराच काळ गुप्त होते. गोळी लागल्यावर पडद्याच्या कडा लाल होतात आणि भिंतीआड थोडे थांबले की लाली ओसरते, हे पाहून नायकाच्या जखमा काही क्षणांत भरून येतात असा सर्वांचा समज होता. या मालिकेवर काम केलेला ॲनिमेटर जोनाथन कूपर याने २०१८ मध्ये जाहीर केले की मालिकेचा मूळ नायक नेथन ड्रेक याला गोळी मुळी लागतच नाही. लाल रंग हा रक्ताचा नसून संपत आलेल्या नशिबाचा निदर्शक आहे, आणि नशीब पुरते संपले की जी एकच गोळी लागते तिनेच तो मरतो. हाच नियम क्लोईला लावला तर भारतीय वाचकापुढे एक वेगळेच तत्त्वज्ञान उभे राहते. नशीब ही खर्च होणारी वस्तू आहे हे येथील ज्योतिष्यांना ठाऊकच होते, परंतु दगडी भिंतीआड उकिडवे बसल्याने ती पुन्हा भरून येते, हा उपाय कोणत्याही पंचांगात छापलेला नाही. साडेसात वर्षे चालणारी साडेसाती येथे साडेसात सेकंदांत आटोपू शकते, आणि शांतीचा खर्चही वाचतो.

तरीही लढाई हाच या खेळाचा सर्वांत दुबळा भाग आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. क्लोई ही बोलण्यात चतुर, पळण्यात तरबेज आणि स्वतःच्या स्वार्थाविषयी प्रांजळ अशी बाई आहे. तिच्या संवादांतून जे व्यक्तिचित्र उभे राहते त्यात दुपारच्या जेवणाआधी चाळीस माणसे मारण्याला जागा नाही, आणि खेळ मात्र तिच्याकडून ते काम नियमित करून घेतो. कथा एक सांगते आणि खेळणे दुसरेच सांगते, अशा या विसंगतीला क्लिंट हॉकिंग या खेळरचनाकाराने ‘बायोशॉक’ या खेळाविषयी लिहिताना २००७ मध्ये लूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स असे भारदस्त नाव दिले, आणि ‘अनचार्टेड’ मालिकेला ते नाव पुढे इतके चिकटले की ‘अनचार्टेड ४’ च्या कर्त्यांनी एक हजार शत्रू मारणाऱ्या खेळाडूसाठी त्याच नावाचे पदक ठेवले. टीकाकाराने ठेवलेला ठपका चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याचा हा प्रकार समीक्षेच्या इतिहासात दुर्मीळ आहे. परंतु विनोदाने दोष मान्य केला म्हणजे तो दुरुस्त झाला असे होत नाही. ‘लॉस्ट लेगसी’ने आवाज दाबलेले पिस्तूल आणि कुलूप उघडण्याची हत्यारे देऊन गुपचूप काम करण्याला थोडा वाव वाढवला, हे खरे, तरी पटांगणातल्या शेवटच्या माणसाने ओरडून बाकीच्यांना जागे केले की सारे पुन्हा त्या निरुपयोगी भिंतींमागेच येते.

याउलट जेथे काहीच घडत नाही तेथे हा खेळ कमालीचा चांगला आहे. चौथ्या प्रकरणात जीपमध्ये बसलेल्या दोघींसमोर घाटातला एक विस्तीर्ण, मोकळा प्रदेश उघडतो. कोणत्या मनोऱ्यावर आधी जायचे हे खेळाडूने ठरवावे, चिखलात चाक फिरले तर जीपच्या पुढच्या दोराची मदत घ्यावी, आणि दरम्यान या दोन स्त्रियांचे बोलणे ऐकावे. एकमेकींवर विश्वास नसलेल्या, दोघींनीही कधीतरी नेथन ड्रेक व त्याच्या भावाशी जमवून किंवा बिघडवून घेतलेले, आणि दोघींनाही भावना व्यक्त करण्याची सक्त नावड, अशा या दोघी प्रवासातल्या किरकोळ गप्पांतून हळूहळू मैत्रिणी होतात. क्लॉडिया ब्लॅक आणि लॉरा बेली या अभिनेत्रींनी दिलेल्या आवाजात टोमणा आणि आपुलकी यांचे प्रमाण इतके बारकाईने सांभाळले आहे की खजिन्यापेक्षा पुढची खाचखळगी वाट बरी वाटू लागते, कारण रस्ता खराब असेल तर गप्पा अधिक वेळ चालतात. जीपमधून उतरून एखादा अवशेष पाहून परत येईपर्यंत तुटलेले बोलणे क्लोई जेथे सोडले होते तेथूनच पुन्हा सुरू करते, आणि असे सौजन्य हाडामांसाच्या सहप्रवाशांतही क्वचित आढळते. याच भागात होयसळ राजघराण्याच्या नावाची अकरा टोकने गोळा करण्याचे एक ऐच्छिक काम आहे. ते केल्यास राणीचे माणिक मिळते आणि ते माणिक जवळपास खजिना असला की खेळाडूला इशारा देते. म्हणजे खजिने शोधून शोधून अखेर जो खजिना मिळतो तो खजिने शोधण्याचे कष्ट वाचवणारा असतो, आणि तोवर शोधण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. शासकीय अनुदानाचा मंजुरीचा कागद काम पूर्ण झाल्यावर हाती पडणे ज्यांना परिचित आहे, त्यांना यात अनोळखी असे काही वाटणार नाही.

या प्रदेशाचे चित्रण देखणे आहे, यात शंका नाही. धबधबे, दगडांवरचे हिरवे थर, ढगांतून उतरणारे ऊन, झाडांवरची माकडे, सारे काही प्रेमाने रंगवलेले आहे. पण सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणारा मराठी ट्रेकर हा प्रदेश पाहून पहिला प्रश्न विचारील तो असा, की जळवा कोठे आहेत? ज्या हिरवाईत क्लोई गुडघाभर गवतातून निर्धास्त फिरते, तशा हिरवाईत आगुंब्याच्या परिसरात पावसाळ्यात दहा मिनिटे उभे राहिले तरी पायमोज्यात पाहुणे शिरतात, आणि त्यांच्यासाठी मिठाची किंवा तंबाखूची पुरचुंडी बाळगावी लागते. खेळातल्या कातळावर शेवाळ दिसते पण ते निसरडे नाही. उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी दगडमाती, फक्त तेव्हाच असते जेव्हा घसरत जाणे मनोरंजक ठरणार असेल, आणि अशा प्रत्येक घसरगुंडीच्या टोकाला उडी मारून हुक अडकवण्यासाठी एक लाकूड तयार असते. गुजरातच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या पर्वतरांगेने आजवर कोणाचीही एवढी बडदास्त ठेवल्याची नोंद नाही. येथे हत्तीसुद्धा आदरातिथ्यात सामील आहे: ढिगाऱ्याखाली अडकलेल्या एका हत्तीला दोघी सोडवतात आणि तो त्यांना पाठीवर बसवून त्यांना जायचे असते त्याच दिशेला घेऊन जातो.

इतिहासाकडे वळले की सौजन्याचा विषय अधिक गुंतागुंतीचा होतो. खेळातला खजिना होयसळ राजांनी जपून ठेवलेला आहे, आणि हळेबीड व बेलूर या नगरी घनदाट अरण्यात, कड्यांच्या पोटात, प्रचंड जलाशयांच्या काठी दडलेल्या दाखवल्या आहेत. प्रत्यक्षात ही दोन्ही गावे कर्नाटकाच्या हासन जिल्ह्यात एकमेकांपासून सुमारे १६ किलोमीटरवर आहेत, आणि तेथे जाण्यासाठी कड्यावर लोंबकळण्याची गरज नसून सुटे पैसे बाळगण्याची गरज असते, कारण बस मंदिराजवळ सोडते. होयसळ हे मराठी इतिहासालाही परके नव्हेत. देवगिरीच्या यादवांशी त्यांचे दीर्घकाळ वैर होते, आणि पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी मलिक काफूरच्या स्वाऱ्यांनी आधी देवगिरी व नंतर, १३११ मध्ये, होयसळांचे द्वारसमुद्र, म्हणजेच आजचे हळेबीड, गाठले. होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या काळात १११७ मध्ये उभे राहिलेले बेलूरचे चेन्नकेशव मंदिर आणि हळेबीडचे होयसळेश्वर मंदिर यांची थोरवी उंचीत नाही. खाणीतून काढताना मऊ असणारा आणि हवेत राहून कठीण होणारा दगड निवडून होयसळ शिल्पींनी त्यावर दागिन्यांतले मणी सुटे मोजता येतील इतके सूक्ष्म कोरीव काम केले. तारकाकृती जोत्यावर उभ्या असलेल्या या दोन्ही मंदिरांना आज शिखरही नाही. ही कला पाहण्यासाठी जवळ जाऊन मान वाकवावी लागते. खेळाने तिचे रूपांतर दहा-दहा मजली मूर्तींत करून मान वर करायला लावली आहे, आणि हा त्याचा इतिहासविषयक खरा दोष आहे. नगरींचा पत्ता चुकला, ही त्यामानाने टपालखात्याची बाब झाली.

मात्र या अवाढव्य मूर्ती नुसत्या उभ्या नाहीत, त्या चालू स्थितीत आहेत, आणि येथे विद्वत्तेने थोडे थबकणे योग्य ठरेल. एका दालनात खेळाडूने एका चौथऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की परशू धारण केलेले पाषाणपुतळे आपापले हात फिरवतात आणि चुकीच्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्याला खाली लोटतात. दुसऱ्या ठिकाणी मूर्तींचे सुटे अवयव फिरवून भिंतीवर अचूक छाया पाडावी लागते. इतरत्र साखळ्या ओढताच शेकडो टन दगड सरकतो आणि पाण्याचे पाट नव्या वाटेने वाहू लागतात. सात-आठशे वर्षे कोणी तेलाचा थेंब न घालता हे सर्व एकाही कुरबुरीशिवाय चालते. यंत्रणा उभारणाऱ्यांपेक्षाही तिच्या देखभालीची निविदा कोणी भरली होती याचे कुतूहल वाटावे अशी ही कामगिरी आहे. आणि ज्यांना दात लपवायचा होता त्यांनी तो गाठण्याची रीत भित्तिचित्रांत सविस्तर कोरून का ठेवली, या प्रश्नाला सौजन्याखेरीज उत्तर नाही. होयसळांनी चोरासाठी केलेली ही सोय पाहता ते खेळाच्या कर्त्यांचे वैचारिक पूर्वज ठरतात. कोडी स्वतः चांगली आहेत, न फार सोपी, न फार अवघड, पण उत्तर शोधण्यात खेळाडूला जरा वेळ लागला की नदीन काहीतरी सुचवते, आणि तेवढ्यानेही न जमल्यास एका बटणावर सूचना हजर होते. नदीनचा एक गुण नमूद केला पाहिजे. ती उत्तर सांगत नाही, उत्तराकडे पाहते. वर्गात शेजारी बसलेल्या हुशार मुलीला ही कला साधली तर तिला कोणताही पर्यवेक्षक पकडू शकत नाही.

कथेचा पौराणिक आधार खेळाने बऱ्यापैकी जपला आहे. शंकराच्या भेटीला आलेल्या परशुरामाला द्वारपाल गणेशाने अडवले, परशुरामाने परशू फेकला, आणि तो परशू पित्यानेच दिलेला असल्यामुळे त्याचा मान राखण्यासाठी गणेशाने तो आपल्या दातावर झेलला, ही ब्रह्मांडपुराणातली कथा खेळात येते. कोकणी खेळाडूची येथे मोठी कुचंबणा होते, कारण एका बाजूला दरवर्षी घरात येणारा गणपती आणि दुसऱ्या बाजूला समुद्र हटवून ज्याने त्याला राहायला जमीन दिली असे तो मानतो, तो परशुराम, ज्याचे देऊळ चिपळूणजवळ आहे. अशा तंट्यात बाजू घेणे गावात राहणाऱ्याला परवडत नाही. शिवाय महाभारत लिहिताना लेखणी म्हणून गणपतीने स्वतःचा दात मोडला, ही दुसरी कथाही मराठी घरांत तितकीच प्रचलित आहे, आणि ती खरी धरली तर आसवासारख्याने त्या दातामागे लागण्याऐवजी दाताने काय लिहिले ते वाचले असते तर यादवीचे परिणाम त्याला आधीच कळले असते.

कायद्याचा प्रश्न खेळाने पूर्णपणे वगळला आहे आणि समीक्षकांनीही. भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे, ज्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यवहारावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. क्लोई वाटेवरच्या प्रत्येक कोनाड्यातून सोन्याच्या डब्या आणि रत्नजडित कंगवे उचलून खिशात टाकते, त्यांचे वर्णन वाचते, आणि हासनच्या जिल्हाधिकाऱ्यांना एकही अर्ज लिहीत नाही. वास्तववादाचा आग्रह धरणाऱ्या पुढच्या एखाद्या आवृत्तीत प्रत्येक खजिन्यानंतर तीन प्रतींत भरायचा नमुना ठेवला तर खेळाची लांबी सात तासांवरून सहज चाळीस तासांवर जाईल आणि पैशांच्या मानाने खेळ तोकडा आहे, ही नेहमीची तक्रारही मिटेल.

शेवटच्या प्रकरणातला आगगाडीवरचा थरार याच मालिकेतील २००९ च्या दुसऱ्या खेळातल्या आगगाडीची आठवण करून देतो, आणि ती आठवण करून देण्यासाठीच रचलेला आहे. तो उत्कृष्ट आहे. गाडी, जीप आणि मोटारसायकली यांच्यावरून उड्या मारत जाताना खेळाडूला विचार करायला सवड मिळत नाही, आणि त्या वेळेपुरता सौजन्याचा अतिरेक जाणवत नाही. ज्यांना तो नकोच आहे त्यांच्यासाठी काठिण्याच्या पाच पायऱ्या ठेवल्या आहेत. सर्वांत वरच्या ‘क्रशिंग’ या पायरीवर नशीब दोन-तीन गोळ्यांत संपते. तेथे गेलेल्या खेळाडूला कळते की सौजन्य काढून घेतल्यावर खाली दुसरा, अधिक खोल खेळ दडलेला नाही, तोच खेळ आहे, फक्त एकच पटांगण वीस वेळा पाहायला मिळते आणि त्या कंबरेएवढ्या भिंतींशी निकटचा परिचय होतो.

सौजन्यासाठी पैसा लागतो, ही गोष्ट मात्र एखाद्या छोट्या खेळाशी तुलना केल्यावरच ध्यानात येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा ॲक्शन-ॲडव्हेंचर प्रसिद्ध केला. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधणारी राजी, तिच्याविषयी आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तुकलेवरून घेतलेले महाल आणि छायाबाहुल्यांच्या शैलीत सांगितलेले कथाभाग, असे त्याचे रूप आहे, आणि भारतीय पुराणे परक्या प्रवाशाच्या नजरेतून न पाहता घरच्या नजरेतून पाहणारा खेळ म्हणून तो ‘लॉस्ट लेगसी’पेक्षा सरस आहे. येथे देव खजिन्याचे मालक नसून निवेदक आहेत, आणि निवेदकांचे आपसात पटत नाही, हे तर अगदीच घरचे. पण या चमूचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसलेला होता, आणि आग्रह करायला वाढपी कमी होते. कॅमेरा, म्हणजे खेळाडूचा पाहण्याचा कोन, बहुतांशी बांधलेला असल्यामुळे कडा कोठे संपतो ते नीट उमगत नाही आणि उडी चुकते. लढाईत राजी जरा अडखळते. जवळ नदीन नाही. यावर समीक्षकांनी नेमकी तीच वैगुण्ये दाखवली जी मोठ्या खेळात नसल्याबद्दल त्या खेळाला सरधोपट म्हटले जाते. खोबणी रंगवली तर खेळाडूचा अपमान होतो आणि न रंगवली तर खेळाडू दरीत पडतो, असा हा पेच आहे. त्यातल्या त्यात दरीत पडलेला खेळाडू अधिक मोठ्याने तक्रार करतो. राजीची कथा तर ऐन रंगात आल्यावर एका लढाईनंतर अर्ध्यावर थांबते, पुढे काय झाले हे न सांगता श्रेयनामावली सरकू लागते, आणि खेळाडू सूचनेचे बटण शोधत कंट्रोलर उलटसुलट करून पाहतो.